यंत्राच्या डोळ्यात कुंकू

उजेडावर चालणाऱ्या सिलिकॉनच्या चिपला स्वतःचा उजेड नसतो. लेझर बाहेरून आणून तिच्यावर चिकटवावा लागतो, आणि तो केसाच्या शंभराव्या भागाइतका जरी सरकला तरी उजेड चिपमध्ये शिरत नाही. टाकव्याच्या कारखान्यात तीन वर्षं हे काम सविताच्या बोटांनी केलं. बाहेर पाटी मात्र ‘संपूर्ण स्वयंचलित’.

तिला कायम करण्याचं पत्र मालक शौनक सरांनी छापून ठेवलं होतं. सही तेवढी राहिली होती, दीड वर्ष. आता लेझर चिकटवणारं नवं यंत्र आलं, तसं सर म्हणाले, “हे चाललं की पत्राची गरजच नाही.”

खंडेनवमीला पुण्याहून भांडवल घालणारे पाहुणे यायचे होते. सर अमेरिकेत शिकून आलेले. जिथं शिंकायची बंदी, त्या धूळबंद खोलीत त्यांनी यंत्राला झेंडूचा हार घातला, उदबत्ती ओवाळली आणि कुंकवाचं बोट थेट कॅमेऱ्याच्या भिंगावर टेकवलं. यंत्राचं कपाळ त्यांना तेच वाटलं.

“सर, तितं नगा लावू. डोळा हाय त्यो त्येचा,” सविता म्हणाली.

“श्रद्धा असावी माणसाला. तू कँटीनमध्ये बस. पाहुण्यांना हात दिसायला नकोत.”

पाहुणे आले. यंत्राने पहिला लेझर चिपच्या बाहेर ठेवला, दुसरा झेंडूच्या पाकळीवर. सर रुमालाने भिंग पुसायला गेले आणि कुंकू आणखीच पसरलं.

दोन मिनिटांत सर कँटीनच्या दारात. “सविताताई!”

तीन वर्षांत पहिल्यांदा ती ताई झाली.

सविता मायक्रोस्कोपशी बसली. ग्लूचा थेंब, सुईच्या टोकाला तिळाहून बारीक लेझर, बोटं नॉबवर. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही, मीटरवरच कळतो. आकडा चढत गेला. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या.

“छान! आता पक्कं कर, ताई.”

“जांबळा दिवा लावला की ग्लू धरतोय. तवर माजा हात हाय म्हणून उजेड हाय.” तिने मान वर केली नाही. “माजं पत्र आणा, सर. पेन पन.”

“नंतर बोलू ना...”

“हात लय अवघडलाय.” तिने नॉब जरासा फिरवला. आकडा धाडकन शून्यावर.

पाहुण्यांतल्या रेणुकाबाईंनी विचारलं, “स्वयंचलित म्हणजे ह्या ताईच का?”

सर धावत पत्र घेऊन आले. सही केली तेव्हा कागदावर कुंकवाचा अंगठा उठला.

“तारीख?” सविता म्हणाली.

तारीख पडली. मग तिने आकडा पुन्हा चढवला आणि दिवा लावला.