धरलेली जागा

“हे ते नव्हे,” ती म्हणाली आणि कठड्याकडे पाठ फिरवून उभी राहिली.

समोर सगळी दरी उघडी पडली होती. धुकं नाही, ढग नाही. एकामागे एक डोंगर आणि अलीकडे, कठड्यालगतच, पांढरंशुभ्र देऊळ. लोक फोटो काढून काढून दमले होते. आणि ही बाई म्हणत होती, हे ते नव्हे.

“अगं, हेच ते. मी सांगायचो ना तुला? बघ तरी नीट.”

“तळं कुठाय मग?”

डबलबेलने नुसतंच देवळाकडे बोट दाखवलं.

डेपोत सगळे त्याला डबलबेल म्हणत. उभी हयात त्याने याच मार्गावर कंडक्टरकी केली. शेवटच्या माणसाचा पाय पायरीवर पडतो न पडतो तोच हा दोनदा घंटा वाजवायचा, म्हणून हे नाव. तोंडाने फटकळ. कुणी रुमाल टाकून जागा धरली की ओरडायचा, “रुमालाने तिकीट काढलंय का? उचला तो!” गाडीभर हशा पिकायचा. रोज लोकांना या डोंगरावर आणून सोडायचं आणि स्वतः मात्र स्टँडपलीकडे पाऊल टाकायचं नाही, अशी त्याची नोकरी. गाडी वर थांबायची ती जेमतेम चहापुरती. कप खाली ठेवतो तोवर परतीचे प्रवासी दारात हजर.

घरी बायको पान वाढता वाढता विचारायची, “आज काय बघितलंत वर?”

काय बघणार? स्टँडवरची कुत्री! पण ते सांगून तिचं तोंड उतरवायचं त्याच्या जिवावर यायचं. मग तो रचून सांगायचा. एकदा त्याने देवळामागे एक तळं काढलं. पुढच्या वेळी त्यात कळस उलटा पाडला. मग काठावर पांढऱ्या फुलांचं झाड आलं, झाडाखाली दगडी बाक आला, दोघांनाच पुरेल एवढा.

“मला नेताय कधी?”

“रजा मिळू दे, नेतोच.”

रजा लेकीच्या आजारपणात संपली, लग्नात संपली, उरलीसुरली साहेबाने नामंजूर केली. तो निवृत्त झाला तोवर तिचं विसरणं सुरू झालं होतं. आधी दुधाचं पातेलं विसरली, मग घरची गल्ली, मग लेक. शेवटी तो. एका सकाळी त्याच्या हातून चहा घेत म्हणाली, “बसा ना, भाऊ.” सख्ख्या बायकोने भाऊ म्हणायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. त्या दिवशी तो न्हाणीघरात जाऊन रडला.

तळं मात्र ती विसरली नाही. शेजारणीला धरून बसवायची आणि तळं, झाड, बाक, सगळं खडान्‌खडा सांगायची. म्हणून त्याच्या मनाने घेतलं, तिला वर न्यायचं. तिथे उभी राहिली की आठवेल, आणि एकदा तरी ‘अहो’ म्हणेल. एकदाच म्हणाली तरी बास.

लेक चिडली होती. “बाबा, आईला काय कळणारे आता? उगाच हाल तिचे नि तुमचे.”

“कळेल. तू नको मधे पडूस.”

तळं खोटं आहे हे त्याने लेकीलाही सांगितलं नव्हतं. एवढा डोंगर दिसल्यावर तळ्याचं काय मोठं, असं त्याला वाटलं. वेडा माणूस! तिच्याजवळ उरलं होतं ते तेवढंच.

आता ती त्याचा हात सोडून देवळामागे निघाली. तो धापा टाकत मागे गेला. मागे एक प्लास्टिकची टाकी होती, चार स्कूटर लावलेल्या होत्या, आणि सावलीला एक फुलवाली बसली होती.

“तळं कुठाय हो?” तिने विचारलं.

“कसलं तळं, मावशी? प्यायचं पाणीसुद्धा टँकरने येतं इथं.”

“आहे. आमचे हे रोज बघतात. ते खोटं नाही बोलायचे.”

फुलवालीने त्याच्याकडे बघितलं. त्याला राहवेना. तो बायकोच्या समोर जाऊन उभा राहिला.

“अगं, मी खोटं बोलायचो. मीच तो. बघ ना माझ्याकडे. तळं नव्हतंच कधी, तुला बरं वाटावं म्हणून रचायचो मी.”

तिने बघितलं. अगदी नीट, डोळे बारीक करून.

“कोण हो तुम्ही?” तिचा आवाज चढला. “माझ्या माणसाला खोटारडा म्हणता? लाज नाही वाटत?” आणि फुलवालीच्या आडोशाला जाऊन बसली. तो एक पाऊल पुढे आला तशी किंचाळली.

लोक थांबून बघायला लागले. म्हातारा कुणा बाईला त्रास देतोय, असंच वाटलं असणार त्यांना. फुलवालीने नजरेने विचारलं, काय करू? त्याने दोन्ही हात जोडले, पण ते बायकोला.

“चुकलं माझं, वहिनी,” तो म्हणाला. “तळं असेल. मलाच दिसलं नसेल.”

“मग तसं म्हणा की,” ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं.

उतरणीची गाडी लागली होती. ती पुढे चढली, खिडकीशी बसली. तो शेजारी टेकणार तोच तिने कमरेचा रुमाल काढून त्या जागेवर पसरला.

“इथं नको, भाऊ. आमचे हे येतील. याच गाडीवर असतात ते.” मग जरा हसली. “रजा मिळाली की मला वर नेणारेत. तळ्याकाठी बसायचंय आम्हाला.”

“मिळेल रजा,” तो म्हणाला.

गाडी भरली. नव्या कंडक्टरने दोनदा घंटा दिली. पहिल्याच वळणावर एकाने त्याला कोपराने ढोसलं.

“काका, ही जागा रिकामीच आहे की. बसा ना.”

“नाही,” डबलबेल म्हणाला. “धरलेली आहे.”

आणि वरचा दांडा पकडून सगळा घाट तो उभ्याने उतरला.