छापण्यालायक

वकील सुलभाने मालूबाई नावाच्या म्हातारीच्या खटल्यातल्या निकालाची प्रत पुढे केली. न्यायाधीशांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"मॅडम, ये रिपोर्टेड है?"

"नहीं सर. लेकिन हायकोर्ट का है, मुद्दा वही है."

समोरचे शालिग्राम वकील हसले. "साहब, खुद हायकोर्ट ने जिसे छापने लायक नहीं समझा, उसे हम क्यों पढ़ें?" त्यांच्याजवळ एक जुना, कायद्याच्या रिपोर्टात छापून आलेला निकाल होता. त्यात म्हटलं होतं, फेरे नाहीत तर लग्न नाही.

सुलभाची अशील भूमिका विधवा होती आणि तिचं दुसरं लग्न पाट लावून झालेलं. हिरवा चुडा, चार पंच, गूळ-खोबरं, फेरे नाहीत. तो नवराही गेला, तसं दिराने तिला राजपुऱ्यातल्या घरातून बाहेर काढलं. पुढच्या आठवड्यात कोर्टाने दिराच्याच बाजूने निकाल दिला. पायऱ्या उतरताना दीर, चंदन, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ठेवलेली बाई ती."

सुलभाच्या शनवाऱ्यातल्या ऑफिसात भूमिका तिच्यावर उखडली.

"मालूबाईचा पाट चालला, माझा का नाही? तिचा निकाल छापायला काय झालं होतं?"

सुलभाने जबलपूरला, हायकोर्टातल्या निरंजन वकिलाला फोन लावला. मालूबाईचं अपील त्यानेच लढवलं होतं.

"ताई, जजसाहेबांनी विचारलं होतं, यात कायद्याचं काही नवं आहे का? नवं असलं तरच छापायला पाठवतात."

"मग?"

"मी म्हटलं, काही नवं नाही, साहेब. नवं म्हटलं असतं तर जुन्या छापील निकालाच्या विरोधात म्हणून प्रकरण मोठ्या बेंचकडे गेलं असतं. ती म्हातारी कुठवर थांबली असती? जिंकून तर दिलं ना! आता भूमिकाच्या अपिलात काय म्हणू?"

सुलभाने फोनवर हात ठेवला. भूमिकाला तिने सगळं समजावून सांगितलं. नवं म्हटलं तर वर्षं जातील, हारही होईल. पण जिंकलो तर छापून येईल, मग पाटाच्या कुठल्याच बाईला असं हाकलता येणार नाही.

भूमिकाने पदर खांद्यावर ओढून घट्ट धरला.

"माझ्या येळेला केला होता कोणी इचार?"

ती टेबलावर पुढे वाकली.

"मले घर पाहिजे, मॅडम. छापून काय करू?"

सुलभाने फोनवरचा हात काढला.

"काही नवं नाही, असंच म्हणा," ती म्हणाली.