आठ वाजले की लाइट जायची

संकटात लाइट गेली तर एक वेळ समजता येईल. पण संकट टळल्यावर, सगळं सुरळीत झाल्याचा निरोप आल्यावर ती का जावी? आमच्या गल्लीत असं दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा मी वहिनीला फोन करून जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. शहराची वीज जिथून सांभाळतात त्या नियंत्रण कक्षात ती इंजिनियर आहे. मी चिडले की ती मुद्दाम मला जुन्या वळणाचं "वन्सं" म्हणते, आणि मी आणखी चिडते. या उन्हाळ्यासाठी तिच्या ऑफिसने एक नवी योजना काढली होती. संध्याकाळी ऊन उतरलं की सोलरची वीज आटते, आणि नेमके त्याच वेळी लोक घरी येऊन एसी लावतात. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली तर अख्खं शहर अंधारात जाऊ शकतं. म्हणून ज्या दिवशी तशी धास्ती असेल त्या दिवशी दुपारीच मोबाइलवर मेसेज येतो, की आज सहा ते आठ जे टाळता येईल ते बंद ठेवा. एसी, गिझर, इस्त्री, वॉशिंग मशीन, जास्तीचे दिवे. मग आठ वाजता दुसरा मेसेज: धन्यवाद, आता वापर सुरू करायला हरकत नाही. सक्ती कोणावर नव्हती. आमच्या गल्लीने भाग घ्यावा म्हणून वहिनीने मला हाताशी धरलं, आणि मीही शहाणी घरोघरी जाऊन तिची वकिली करून आले.

माझी हॅचरी आहे. गल्लीच्या टोकाला, घरामागच्या दोन खोल्यांत अंडी उबवते आणि नुकती जन्मलेली पिल्लं विकते. उबवणीची मशिनं बंद ठेवायचा प्रश्नच नव्हता, योजनेतही त्यांना सूट होती. मी बंद ठेवायचे ती अंडी साठवायची थंड खोली आणि ट्रे धुवायच्या पाण्याचा हीटर. दोन तासांत त्यांचं काही बिघडत नाही.

बिघडलं ते आठनंतर. काही दिवस निभावले, पण दोनदा नाही. पहिल्या वेळी धन्यवादाचा मेसेज आला आणि पाठोपाठ नाक्यावरच्या डीपीत, म्हणजे गल्लीला वीज वाटणाऱ्या पेटीत, धडाम् असा आवाज झाला. फ्यूज उडाला, गल्ली काळीकुट्ट. वायरमन दुसरीकडे अडकलेला, तो यायला बराच वेळ गेला. तेव्हा माझी अंडी कोवळी होती, त्यांनी सोसलं. दुसऱ्या वेळी मात्र पिल्लं बाहेर पडायच्या बेतात होती. शेवटच्या दिवसांत अंड्यातलं पिल्लू स्वतःच तापतं. त्याला ऊब कमी आणि वारा जास्त लागतो. पंखे थांबले की ते कवचाच्या आत गुदमरतं. इन्व्हर्टरने मान टाकेपर्यंत पंखे फिरवले, मग मी मशिनची दारं उघडून पुठ्ठ्याने वारा घालत बसले. निम्मी पिल्लं गेली. काहींनी कवचाला आतून भोक पाडलं होतं, तेवढंच त्यांना जमलं. मी ती मागच्या आवारात पुरली आणि वहिनीखेरीज कोणाला सांगितलं नाही. आपण रडतो हे गल्लीला कळलेलं मला आवडत नाही.

आता पुढची बॅच तयार होती. सकाळीच अंड्यांना कान लावला तर आतून टकटक ऐकू आली. आणि दुपारी मोबाइल वाजला: आज सहा ते आठ. माझ्या तोंडचं पाणी पळालं. भाड्याचा जनरेटर शोधला, पण त्या उकाड्यात शहरभर एकही मोकळा नव्हता. मग वहिनीला फोन लावला.

"वहिनी, आज परत आठला अंधार केलास तर घरी येऊन तुझा फ्रीज खिडकीतून खाली टाकीन."

"टाका, वन्सं. तुमचे दादा नवा घेऊ देत नाहीत, तेवढंच माझं काम होईल." मग तिचा आवाज बदलला. "हे बघ, मी पण त्याच्याच मागे आहे. इतक्या गल्ल्यांनी भाग घेतलाय, पण फ्यूज फक्त तुमचाच उडतो. आणि सगळ्यात जास्त बचतही तुमचीच! मला हे कोडं झोपू देत नाहीये."

"कोडं कसलं? डीपी जुनी आहे. पीटी सर नव्या डीपीसाठी ऑफिसात खेटे घालतायत."

"डीपी तपासून घेतली मी. ठणठणीत आहे. तुमच्या गल्लीचा वापर मी स्क्रीनवर काढून बसलेय. सहा वाजता तो जिना उतरल्यासारखा उतरतो. एक घर, मग दुसरं, मग तिसरं. आणि आठला सरळ भिंत! बाकी गल्ल्यांत कोणी आठला एसी लावतं, कोणी जेवण झाल्यावर, कोणी विसरूनच जातं. तुमच्याकडे सगळी घरं एका क्षणात. माणसं अशी वागत नाहीत गं. अख्ख्या गल्लीला मिळून एकच बटण आहे का?"

"मेसेज सगळ्यांना एकदम येतो ना."

"तो सगळ्या गल्ल्यांना येतो. भिंत मात्र तुमचीच. आठ वाजता तिथे होतं तरी काय?"

मला सांगता येईना. आठच्या सुमाराला मी आत असते, आणि मशिनच्या पंख्यांची घरघर अशी, की कोणी दारात बँड आणून उभा केला तरी कळू नये. सहाचं मला माहीत होतं. सहाला पीटी सर दारोदार फिरतात. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला हा माणूस, घरात एकटा. ही योजना आली आणि त्यांच्या चालीत पुन्हा जोर आला. "ताई, थंड खोली?" असं विचारायचे, मी "बंद" म्हटलं की मान डोलवून पुढच्या घरी. जिना म्हणजे सरांची फेरी, हे उघड होतं. पण भिंत कुठून आली? राग होताच, त्यात आता कुतूहल शिरलं, आणि ते एकदा शिरलं की छडा लागेपर्यंत मला चैन पडत नाही.

आठला थोडा वेळ असताना मी हॅचरचं, म्हणजे पिल्लं बाहेर पडतात त्या मशिनचं, दार पुन्हा एकदा बघून घेतलं आणि बाहेर आले.

बघते तर काय, अख्खी गल्ली दारात! शिंपीकाका इस्त्रीच्या टेबलाशी उभे, हात प्लगवर. समोरच्या गॅलरीत मुलाला कडेवर घेतलेली नर्सबाई, दुसऱ्या हातात एसीचा रिमोट. लॉन्ड्रीवाला मशीन भरून, झाकण लावून तयार. सगळे घामाने निथळत होते आणि सगळे एकाच दिशेला बघत होते. रस्त्याच्या मधोमध पांढरे कॅनव्हासचे बूट घालून पीटी सर ताठ उभे होते. एका हातात मोबाइल, ओठांत शिट्टी.

"सर, हे काय चाललंय?"

त्यांनी शिट्टी काढली. "समारोप, ताई! मेसेज आला की मी शिट्टी देतो आणि सगळी घरं एका क्षणात उजळतात. काय देखणं दिसतं! तुम्ही कधी बाहेरच येत नाही."

भिंत माझ्यासमोर बूट घालून उभी होती. मी वहिनीला फोन लावला.

"शिट्टी?" ती म्हणाली. मग खो खो हसली. मग एकदम हसायची थांबली. "अगं, एसी सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो. सगळे एका ठेक्यात लावत असतील तर फ्यूज बिचारा काय करील? थांबव त्यांना!"

"तू मेसेज थांबव!"

"तो आपोआप जातो, आता माझ्या हातात नाही. तू शिट्टी थांबव."

मी सरांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, पण जागचे हलले नाहीत. "समजा, नाही वाजवली," ते म्हणाले. "लोक मेसेज बघून लावतीलच ना? बघा सगळ्यांचे हात कुठे आहेत."

खरंच होतं. सवय लागली होती. आता शिट्टी असो नसो, बोटं बटणांवर होती. माझा हात मात्र त्या शिट्टीकडे गेलाच होता. हिसकावून गटारात फेकावी असं वाटलं. ती टकटक माझ्या कानातून जात नव्हती. आणि सर असे बघत होते, की मी त्यांचं काय काढून घ्यायला निघालेय ते मला दिसलं. हात मागे घेतला.

"सर, शाळा सुटताना तुम्ही सगळी पोरं एकदम फाटकातून सोडायचात का हो?"

"छे! चेंगराचेंगरी होईल," ते पटकन म्हणाले. "वर्गावार सोडायचो. एक वर्ग फाटकाबाहेर पडला की मगच दुसऱ्याला..." ते थांबले. आधी डीपीकडे बघितलं, मग गल्लीकडे.

इतक्यात घराघरांतून मोबाइल वाजले. सरांनी शिट्टी ओठांत धरली आणि जोरात फुंकली, पण दुसरा हात वर, पंजा पसरलेला.

"कोणीही बटण दाबायचं नाही! जागेवर! आज वर्गावार सुटायचं. पहिले शिंपी."

गल्लीत कल्ला उठला. "सर, बाळ घामोळ्यांनी लाल झालंय हो!" नर्सबाई वरून ओरडल्या.

"मग तुम्ही पहिल्या. शिंपी दुसरे. लॉन्ड्री, तुम्ही पार मागे!"

"मी का मागे?"

"मशीन मोठं म्हणून! मोठे वर्ग शेवटी!"

सर एकेका दारासमोर जात, छोटी शिट्टी देत, आतला एसी घुरघुरून शांत झाला की पुढच्या दाराशी. मी प्रत्येक शिट्टीला डीपीकडे बघत होते. डीपी आपली गुणगुणत राहिली. निम्मी गल्ली उजळल्यावर माझा जीव भांड्यात पडला आणि मी आत धावले.

हॅचरच्या काचेआड पहिलं पिल्लू बाहेर पडलं होतं. ओलं, चिकट, डोकं पेलवत नाही असं. त्याच्या शेजारच्या अंड्याला चीर गेली होती. पंखे फिरत होते. मी उगाचच हसत सुटले.

बऱ्याच वेळाने दारावर थाप पडली. सर होते. सदरा पाठीला चिकटलेला, पण चेहरा खुललेला.

"तुमची थंड खोली राहिली, ताई. शेवटचा वर्ग. लावा."

मी बटण दाबलं आणि त्यांना आत बोलावलं. ते काचेशी वाकले. आता बरीच पिल्लं धडपडत होती. सर लहान मुलासारखे विचारत सुटले. हे ओलं का? याला भूक नाही का लागत? हे पंखे कशाला? मीही रंगात येऊन सांगत गेले. पंखे थांबले तर ती आतल्या आत गुदमरतात, असं बोलून गेले आणि जीभ चावली.

सर सरळ उभे राहिले. "मागच्या वेळी लाइट गेली तेव्हा?"

माझी जीभ तिखट आहे हे सगळी गल्ली जाणते. पण त्या क्षणी एक साधं खोटंही तिला सुचलं नाही.

"निम्मी गेली, सर."

गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी रिकाम्या ट्रेवर ठेवली, हळूच, आवाज होऊ न देता. इतके दिवस मी ज्याला शिव्या देत होते तो सापडला होता, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. मी शिट्टी उचलून त्यांच्या हातात दिली.

"उद्याही मेसेज येणार आहे, वहिनी म्हणाली. वर्ग कोण सोडणार?"

सरांनी शिट्टीवर मूठ मिटली. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून ते हॅचरसमोर बसले.

"अजून बरीच यायचीत ना बाहेर?"

"रात्र जाईल, सर. तुम्ही जा आता, दमलात."

"शाळेतही शेवटचं पोर गेल्याशिवाय मी निघायचो नाही," ते म्हणाले, आणि काचेवरची नजर त्यांनी काढली नाही.