कस्तुराबाईंचं दही आणि माझा काटा

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. लांब दांडी, गोल चेहरा आणि त्यावर फिरणारा एक काटा. गंगापूरच्या दूध संकलन केंद्रात माझा काय थाट होता! माझी दांडी बुडाल्याशिवाय एकही कॅन पुढे सरकत नसे. पुढे तिथे नवी यंत्रं आली आणि केंद्रात काम करणाऱ्या रत्नमालाने मला आठवण म्हणून वाळूजला, सासरी नेलं. तिचा नवरा रामप्रसाद याच्या लस्सीच्या दुकानात मी खिळ्याला लटकलो. काचेच्या दाराच्या मोठ्या फ्रीजवर लाल आकडे झळकत. सगळा मान त्यांना. मला कोणी विचारीना. खोटं कशाला सांगू, माझा जळफळाट व्हायचा.

कारखान्यांची पाळी सुटली की दुकानात झुंबड उडे. फ्रीजचं दार सारखं उघडलं जाई आणि आकडा चढे. रामप्रसाद घाबरून थंडीचं बटण आणखी वाढवी, आणि गर्दी ओसरली की मागे फिरवायचं हमखास विसरे. मग दुकानाला रोज दही पुरवणाऱ्या देवगाव रंगारीच्या कस्तुराबाईंच्या दह्याला पाणी सुटू लागलं.

"मावशी, दुधात पाणी घालता व्हय? उद्यापासून दही आणू नका," एका संध्याकाळी तो भर गिऱ्हाइकांत म्हणाला.

कस्तुराबाईंचा चेहरा उतरला. पण त्या हटल्या नाहीत. "उभ्या जन्मात पाणी नाय घातलं, बाबा. कालचं गाडगं काढ अन् सगळ्यांदेखत बघ!"

रत्नमालाने मागच्या कप्प्यातलं गाडगं काढलं, मला खिळ्यावरून उतरवलं आणि माझी दांडी दह्यात खुपसली. कर्रकन आवाज झाला. फ्रीजवर आकडा बारा, आणि माझा काटा शून्याच्याही खाली!

"अहो, हे तर गोठलंय!" ती म्हणाली. "तो आकडा हवेचा हाय. दार उघडलं की गरम हवा आत शिरती. दही काय इतक्या लवकर तापतं? तुमी उगं थंडी वाढवता, दही गोठतं, अन् वितळलं की त्याला पाणी सुटतं."

रामप्रसादने त्याच गिऱ्हाइकांसमोर हात जोडले. "मावशी, लई चुकलो. पाणी तुमी नाय घातलं, मीच काढलं."

कस्तुराबाईंनी पदराने डोळे पुसले. "मंग उद्या दही आणू का?"

"दोन गाडगी जास्तीची आणा!"

आता मी फ्रीजच्या आत, पाण्याच्या बाटलीत दांडी बुडवून ऐटीत उभा असतो. पाळी सुटते, बाहेरचा आकडा उड्या मारतो, माझा काटा हलत नाही. रामप्रसाद आधी माझ्याकडे बघतो आणि बटणावरचा हात मागे घेतो. दही असं घट्ट, की चमचा उभा राहावा!

मित्रांनो, आकडा जरूर बघा, पण तो कशाचा आहे हेही विचारा. आणि कुणाच्या नावाला बट्टा लावण्याआधी खिळ्यावरचा जुना तापमापक उतरवून एकदा दह्यात बुडवा.