पश्चिमेच्या कड्याखालची पट्टी

पर्युषणाच्या सातव्या दिवशी दुपारी तीनला फोन वाजला आणि मी तो उचलला नाही. पुन्हा वाजला. समोर वाचत बसलेल्या अण्णांनी ग्रंथातून मान वर केली.

"कुणाचा गं?"

"कामाचा," मी म्हणाले आणि स्वतःवरच चिडले.

माझे नकाशे जूनमध्येच गेले होते. काम संपलं असं समजून मी यंदा अण्णांबरोबर देशव्रत घेतलं. दहा दिवसांसाठी एक हद्द आखून घ्यायची. आमची पूर्वेला सांगली स्टेशन, पश्चिमेला कृष्णेचा घाट. हद्दीपलीकडं जायचं नाही, माणूस धाडायचा नाही, शब्दसुद्धा पाठवायचा नाही. गल्लीतले बाकीचे लोक फोनची सूट घेतात. हळदीचे व्यापारी असूनही अण्णाप्पा पाटील घेत नाहीत, आणि मी त्यांचीच मुलगी.

घरी बसून मी ॲबट बेटाचे नकाशे काढते. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या मधोमध, अटलांटिकमध्ये, ज्वालामुखीतून वर आलेला आठ किलोमीटर लांबीचा खडक. बंदर नाही, झाड नाही, माणूस तर कधी टिकलाच नाही. दोनशे वर्षांपूर्वी सील मारणाऱ्यांचं एक जहाज तिथं हिवाळाभर थांबलं, चरबी उकळून पिंपं भरून घेऊन गेलं आणि मागं उंदीर ठेवून गेलं. तिथल्या समुद्रपक्ष्यांना जमिनीवरचा शत्रू ठाऊकच नव्हता. अजूनही नाही. उंदीर पिल्लांना जिवंत कुरतडतात आणि पिल्लं घरट्यात बसून राहतात. "आमची ब्राह्मी पक्षी वाचवते," असं अण्णा बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, सगळ्यांना कौतुकानं सांगतात. कशी वाचवते, ते मी त्यांना दोन वर्षं सांगितलं नव्हतं.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा नुसतं ऐकायचं म्हणून उचलला आणि स्पीकरवर टाकला. बेटाजवळ उभ्या असलेल्या मोहिमेच्या जहाजावरून ऋषिराज बोलत होता. कोरेगावचा, नौदलातून निवृत्त झालेला.

"मॅडम, आज आभाळ उघडलंय. हेलिकॉप्टर समदं बेट फिरून आलं. पर पश्चिमेच्या कड्याखाली गवताची पट्टी हाय. तुमच्या नकाशात तितं समुद्र दावलाय. आवं, आत्ताच दुर्बिणीतनं उंदीर पळताना बघितला मी!"

मी लॅपटॉप उघडून नकाशे काढले. सील मारणाऱ्यांच्या जुन्या नकाशात ती पट्टी होती, कातडी वाळवायची जागा म्हणून. उपग्रहाच्या फोटोत तिथं कड्याची सावली पडली होती आणि मी मूर्खासारखी तिला पाणी समजले.

"अर्ध्या तासात ढग येत्यात. औषधाची बादली भरून ठिवलीया. पट्टीच्या दोन टोकांचं आकडं द्या, त्याबिगर पायलट कड्याजवळ जायाचा न्हाई. हॅलो? ऐकू येतंय न्हवं?"

मी फोनचा माझ्याकडचा आवाज बंद करून टाकला.

"कसलं औषध?" अण्णांनी विचारलं.

खोटं बोलायला जीभ वळेना. "उंदरांचं," मी म्हणाले. "सगळ्या बेटावर टाकलंय. कुठून कुठं टाकायचं, त्या रेषा मीच आखून दिल्या."

अण्णांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी ग्रंथ मिटून ठेवला. मग म्हणाले, "आन ही पट्टी राहिली तर?"

"एक जोडी वाचली तरी दोन-चार वर्षांत बेट पुन्हा भरेल. मेले ते फुकट मेले. पिल्लं मरतच राहतील, आणि पुन्हा सगळीकडं औषध टाकावं लागेल."

बोलता बोलता मी लॅपटॉपवर पट्टी आखून घेतली. दोन टोकांचे अक्षांश-रेखांश, चार आकडे.

"ईस मिन्टं हायत, मॅडम!" फोनमधून ऋषिराज ओरडला. "आवं, काय तरी बोला की!"

अण्णांनी हात पुढं केला. "दे हिकडं. मी वाचतो. माझं मोडू दे."

मला रडूही आलं आणि रागही. चाळीस वर्षं पाळलेलं व्रत माझ्या चुकीपायी मोडायला निघाला होता हा माणूस! "नाही अण्णा. पट्टी मी सोडली, बोलणारही मीच." मी आवाज चालू केला आणि चारही आकडे सावकाश वाचले. ऋषिराजनं ते परत म्हणून दाखवले. मी "बरोबर" म्हणाले.

पाव तास आम्ही दोघं फोनकडं बघत बसलो. पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज येत होता. मग ऋषिराज म्हणाला, "झालं मॅडम. पट्टी पुरी केली." फोन बंद झाला.

व्रतात अण्णा दिवसातून एकदाच जेवतात, चारच्या सुमाराला. मी ताट वाढून आणलं. ते ताटाकडं बघत राहिले.

"त्या पिल्लाला कळतं का गं, आपल्याला काय व्हतंय ते?"

"नाही. कळलं असतं तर उठून गेलं असतं."

"आन उंदराला? आपण कुणाचा जीव घेतोय ते?"

"नाही."

"मग त्या समद्या बेटावर कळणारी तू एकटीच हुतीस, ब्राह्मी."

मी हो म्हणाले. अण्णांनी ताटाला हात जोडले आणि ते बाजूला सारलं. त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही.