पुडीच्या तीन घड्या

एक्याण्णवच्या दिवाळीनंतर सेलूत माणिकरावांच्या जिनिंगात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, लोक पायताणं काढून जायला लागले. आत देव नव्हता, कॉम्प्युटर होता. पडद्याला हार, कळांवर हळदकुंकू आणि शेजारी बल्ब लावलेली काचेची पेटी. पेटीत कापसाच्या नमुन्याची पुडी ठेवली, की मशीन प्रत सांगायचं: पहिली, दुसरी, नाहीतर तिसरी. पार पोखर्णी-ताडकळसहून माणसं नुसती बघायला यायची.

ते आणणारा बन्सीधर सफारीतला माणूस, आणि त्याची जीभ कशी ती अडायचीच नाही. बाकीची यंत्रं आणल्या दिवसापासून जुनी होतात म्हणे, हे मात्र बसवल्यावर रोज शहाणं होतं, इथला माल बघून आपलं आपण शिकतं. फक्त याच्यावर संशय घेऊ नका, याचं मन विटतं. आता लोखंडाचं मन विटतं म्हटल्यावर कोण कशाला तोंड उघडतोय? लोकांनी नारळ फोडले.

बरं, खोटं तरी कसं म्हणावं? पहिल्या महिन्यात जुन्या पारख्याशी ताडलं, तर मशीन दहातले पाच नमुने चुकलं होतं. संक्रांतीपर्यंत एकही चुकेना.

सगळ्यात जास्त भरवसा होता तो सांबप्पाचा. कपाळावर भस्माचे पट्टे ओढून हा म्हातारा चाळीस वर्षं त्याच ओट्यावर कापूस पारखत आला होता. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते बघायचा, की झाला निकाल. आता त्याला गप्प राहायला सांगितलं होतं. त्यानं माल बघायचा, पुडी बांधून पेटीत ठेवायची, बोलायचं मशीननं. ते बोललेलं त्याच्या मनातल्याशी जुळलं की त्याचे डोळे भरून यायचे. माझ्याजवळ बसून शिकलंय, असं तो ज्याला त्याला सांगायचा.

बिचाऱ्याला अशा चेल्याची गरजही होती. अंगठे बधिर होत चालले होते. अजून वर्ष-दीड वर्ष चालतील, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. जिनिंगातला हमाल दत्तराव दोन वर्षं मागं लागला होता, आप्पा, मला शिकवा म्हणून. संक्रांतीला सांबप्पानं त्याला हसून वाटेला लावलं. "आता माझं शिकून काय करतोस बाबा? मशीनला समदं यायलंय की." दत्तराव पुण्याला बिगारी कामावर निघून गेला.

फाल्गुनात माणिकरावांनी सांबप्पाला बोलावलं आणि खाली बघत सांगितलं, पाडव्यापासून येऊ नका. बन्सीधरही पाडव्यानंतर दुसऱ्या गावी दुसरं मशीन बसवायला निघणार होता.

सांबप्पानं घरी येऊन हे लेकीला सांगितलं. लेक चन्नबसम्मा, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. बाप रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, चेला तयार झाला, आता मी उठावं हेच बरं. आणि बोलता बोलता त्यानं शेंगदाण्याची पुडी मिटली, वर एकच घडी घातली.

चन्नबसम्मा त्या घडीकडं बघत राहिली. लहानपणी ती याच पुड्यांशी दुकान दुकान खेळली होती. चांगल्या मालाला एक घडी, मध्यमला दोन, हलक्याला तीन. शेतकऱ्याच्या तोंडावर माल हलका म्हणू नये म्हणून सांबप्पाच्या उस्तादानं घातलेली रीत; ती खूण ओळखणारं आता जिनिंगात कुणी उरलं नव्हतं. ती हातात अशी मुरली होती, की आपण घडी घालतो हे म्हाताऱ्याच्या ध्यानातही नसायचं.

दुसऱ्या दिवशी ती जिनिंगात गेली. बन्सीधर आत मशीनपाशी असताना तिनं बाहेर सगळ्यांसमोर एकाच बोंडाचा कापूस दोन पुड्यांत बांधला. एकीला एक घडी, दुसरीला तीन. बन्सीधर आडवा आला, मशीनचं मन विटेल म्हणाला. माणिकराव म्हणाले, ठेवू द्या.

मशीननं सांगितलं, पहिली. मग सांगितलं, तिसरी.

तिनं पुड्या बाहेर नेऊन घड्यांची अदलाबदल केली. निकालही फिरला. मग तिनं पेटीच्या वायरीला हात घातला आणि ओढत गेली. वायर बल्बच्या खटक्यापाशी संपली. कॉम्प्युटरला काहीच जोडलेलं नव्हतं. बन्सीधर पुडीकडं बघून कळ दाबत होता, बस्स. मशीन काही शिकलं नव्हतं. हा सफारीतला साहेब घड्या मोजायला शिकला होता, आणि तेवढ्याला त्याला दोन महिने लागले होते.

बन्सीधर बॅग उचलून निघाला. त्याला अडवायचंही कुणाला सुचलं नाही.

"उद्या खरंच शिकणारं यंत्र निघंल," चन्नबसम्मा लोकांना म्हणाली, "मी न्हाई म्हणत न्हाई. पण आपोआप शिकलंय असं कुणी म्हणलं तर विचारा, कुणाकडून शिकलं? ज्याच्याकडून शिकलं त्याला बाजूला बसवून परीक्षा घेतली का? नारळ त्याच्यानंतर फोडा."

माणिकरावांनी हात जोडले, आप्पा, उद्यापासून या म्हणाले. सांबप्पाला ते ऐकूच गेलं नाही. तो पेटीजवळ बसून ती पुडी उलगडत होता, मिटत होता. त्याची नोकरी परत आली होती, आणि त्याच्या तोंडावर मात्र घरातलं माणूस गेल्यासारखी कळा होती.

"म्हंजे माझ्याजवळ कुणीच शिकलं न्हाई," तो म्हणाला.

चन्नबसम्माला रडू आवरेना. मग तोच म्हणाला, दत्तरावला कार्ड लिही. लिही, की म्हातारा चुकला. अजून वरीसभर अंगठ्यात जीव हाय, ये म्हणावं.

पुण्यात बिगारी, याच्यापलीकडं दत्तरावचा पत्ता कुणाला ठाऊक नव्हता. तिनं कार्डावर तेवढाच लिहिला आणि ते टपालात टाकलं.