माझ्यात खरखर नव्हती

मित्रांनो, मी लांब वायरचा एक जुना हेडफोन आहे, आणि एका बाईच्या आवाजाचा मला आजही हेवा वाटतो. त्या बाई म्हणजे आमच्या फ्लोराकाकू.

रोह्यासमोरच्या अष्टमी गावात, कुंडलिका नदीच्या पुलापासून जवळच, एलियासकाका आणि फ्लोराकाकू दोघंच राहत. काकांची सगळी नोकरी धाटावच्या एका कंपनीत, बॉयलरच्या आवाजात गेली. निवृत्त होईपर्यंत त्यांचे कान पार मंद झाले होते. पेणच्या डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं होतं, पण ते सारखं शिट्टी मारायचं. मग काका ते डबीत ठेवून देत आणि टीव्हीचा आवाज वाढवत. शेवटी शेजारच्या सगुणाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काकू, आमच्या प्रणिताची बारावी हाय. तुमच्या बातम्या आमच्याच घरात लागल्यागत वाटतात गो."

दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून काकू रोह्याच्या बाजारात गेल्या आणि मला घेऊन आल्या. ते साल १९९५.

माझी पिन टीव्हीत खोचली, की टीव्ही मुका होई आणि सगळा आवाज एकट्या काकांच्या कानात उतरे. पहिल्या संध्याकाळी बातम्या ऐकताना काका खुर्चीतून उठलेच. "अगो, शब्द न् शब्द कळतोय!" मी फुगलो. या घरात आता माझ्यावाचून पान हलणार नाही, असं मला वाटलं.

पण बुधवारी मालिका सुरू झाली आणि काकांनी मला काढून मांडीवर ठेवलं. "पिन लावली तर तुला काय ऐकू येणार?" ते म्हणाले. काकू आपली खुर्ची सरकवून त्यांच्या कानाशी बसल्या.

मालिकेत एक म्हातारी होती. तिचा मुलगा परदेशी गेलेला. काकूंचा मुलगा डॅनियलही इस्रायलला गेला होता, आणि हल्ली त्याचे फोन कमी झाले होते. काकू टीव्हीतलं ऐकून काकांना सांगत, "मुलगा दर आठवड्याला फोन करतो हो तिला. येतो म्हणतोय." काका मान डोलावत आणि हसत.

मी मांडीवर पडून जळत होतो. काकूंचा आवाज चिरका. मध्येच खोकला. अर्धे संवाद त्या गाळत, उरलेले स्वतःच्या मनाने सांगत. माझ्यातून एक अक्षर गळत नाही. तरी दर बुधवारी काका तिकडेच झुकायचे. एकदा हिचा घसा बसू दे, असं मी मनात म्हणत राहिलो.

आणि तो खरंच बसला. त्या बुधवारी काकूंनी गळ्याला मफलर गुंडाळला, माझी पिन स्वतः खोचली आणि मला काकांच्या डोक्यावर चढवलं.

मालिकेतली म्हातारी शेजारणीला सांगत होती, "वर्ष झालं, पोराचा एक फोन नाही. आता तो येईल असं वाटत नाही."

मी ते जसंच्या तसं काकांच्या कानात घातलं. काका ताठ झाले. त्यांनी हळूच वळून काकूंकडे पाहिलं. काकू मुक्या पडद्याकडे बघत होत्या. काकांची नजर जाणवताच त्यांनी ओठ मोठे हलवत, बसक्या आवाजात विचारलं, "काय म्हणते हो ती?"

काका म्हणाले, "पोराचा फोन आला व्हता म्हणते. येणार हाय."

काकूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "येणारच तर," त्या म्हणाल्या.

पुढच्या बुधवारी काकूंचा घसा मोकळा झाला होता. त्यांनी आपणहून मला काकांपुढे धरलं. काकांनी मला कानाला लावलं आणि लगेच उतरवलं.

"नाय गो. खरखर करतो हा. मालिका तूच सांग."

"नवा असून?"

"नवा असून."

मित्रांनो, माझ्यात खरखर नव्हती! मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. बातम्यांना मी चालायचो, क्रिकेटला चालायचो. फक्त बुधवारी बिघडायचो. काकूंनी खुर्ची सरकवली, आणि मी टीव्हीमागच्या खिळ्यावर लटकून त्यांचा तो चिरका आवाज ऐकत राहिलो.

आता माझा स्पंज झडला आहे आणि वायर पिनेपाशी उघडी पडली आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं काही असेल तर त्याची वायर ओढू नका, पिन धरून काढा. घरात कुणाला कमी ऐकू येत असेल तर त्याच्यावर खेकसू नका. समोर या, तोंड दिसेल असे बसा, सावकाश बोला. त्याला हेडफोन जरूर आणून द्या. पण तो डोक्यावर चढवून माणसाला एकटं सोडून निघून जाऊ नका. काकांशेजारची ती जागा मला स्वतःला हवी होती, तरी हे मी सांगतो आहे.